वैष्णवीचा पिवळा टी-शर्ट

मागच्या वर्षापर्यंत वर्गात मला कुणी काही विचारलं की मी स्वतःच्या बुटांकडे बघायचे. यंदा तालुक्याच्या शिवण स्पर्धेत अस्तराचा ब्लाउज दीड तासात शिवून मी पहिली आले, आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते बंदच होत नाही. आई म्हणते, "हर्षाली, बक्षिसात कप मिळाला का भोंगा?"

तर त्या तोंडानंच मी वैष्णवीला म्हणाले, "त्यात काय, मी शिवते की."

वैष्णवी माझ्याच वर्गातली, नववी ब, आणि आमच्याच गल्लीतली. शाळेचं दोन दिवसांचं शिबिर होतं, डिंभे धरणाच्या काठी, तंबूत राहायचं. जुन्नरहून एसटी सांगितली होती. शाळेनं सगळ्यांना पिवळे टी-शर्ट दिले, ते चमकणाऱ्या, निसरड्या कापडाचे. वैष्णवीनं तो घरी अर्धा तास घातला आणि काढून ठेवला. तिसरीत असताना ती बंबातल्या उकळत्या पाण्यानं भाजली होती. उजव्या खांद्यापासून मानेपर्यंतची कातडी तेव्हापासून नाजूक. काही घासलं की लाल होते, कधी कधी फुटते. शाळेत हे फक्त मला माहीत. गणवेशाच्या आत ती आईच्या जुन्या साडीचं पातळसं काहीतरी घालते आणि वेणी कायम उजवीकडून पुढे घेते.

शिबिराला नेणारे आदेश सर म्हणाले होते, ज्यांना टी-शर्ट बसत नसेल त्यांनी दुसरा कुठलाही घाला. पण वैष्णवीला ते नको होतं.

"पन्नास जणांत मी एकटी निळ्यात? मग सगळी विचारणार, का गं, का गं. त्यापेक्षा मी येतच नाय."

आजवर ती एकाही सहलीला आली नव्हती. पण हे शिबिर तिला हवं होतं. तंबू कसा बांधतात त्याचे व्हिडिओ तिनं मला इतक्या वेळा दाखवले होते की मला स्वप्नात दोऱ्या दिसायच्या.

"तसाच पिवळा शिवते. पण मऊ. कुणाला कळणार पण नाही."

"तुला टी-शर्ट येतो?"

"ब्लाउज येतो. ब्लाउज आला की सगळं येतं."

"ब्लाउजसारखी कटोरी लावू नको म्हणजे झालं," ती म्हणाली, पण हसत होती.

बाजारपेठेत होजिअरीचं, म्हणजे बनियनसारखं ताणणारं कापड मिळालं. अगदी तोच पिवळा. दुकानात तेवढाच तुकडा शिल्लक होता. मापाला वैष्णवीनं घरातला जुना टी-शर्ट दिला. आमच्याकडं अंगाचं माप कोण देतं, मापाचा कपडाच देतात. चिमामावशीनं, जिच्याकडं मी शिवण शिकले, असल्या कापडाला लागणारी बोथट टोकाची सुई दिली.

"कापायच्या आधी मला दाव," ती म्हणाली.

मी हो म्हणाले आणि दाखवलं नाही. पहिली आलेली मुलगी काय दाखवत बसणार?

कापड उभं अंथरलं तर एकच टी-शर्ट निघत होता आणि बाजूला नुसत्या चिंध्या. आडवं अंथरलं तर दोन. दोन म्हणजे मलाही तसाच, आम्ही दोघी सारख्या. अन् ब्लाउजपीसमधून कापड वाचवण्यात तर माझा हात कुणी धरू शकत नाही. मी आडवं अंथरलं.

तीन दिवस शाळा सुटल्यावर मी मशीनवर बसले. कापडाच्या कडा गुंडाळायच्या, टाके सुटायचे, तीनदा उसवलं. सगळ्या शिलाया मुद्दाम बाहेरच्या अंगानं घेतल्या, म्हणजे आत खांद्याला काही लागणार नाही. झाल्यावर टी-शर्ट गालावर घासून बघितला. सायीसारखा मऊ. मी लई खूश.

शिबिराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो घेऊन वैष्णवीकडं गेले. तिची आई दळण आणायला गेली होती. वैष्णवी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि टी-शर्ट डोक्यातून घालायला लागली. डोकं कसंबसं गेलं. मग दोन्ही हात वर, आणि तो काखेपाशी अडकला. ना खाली, ना वर.

"थांब, मी ओढते."

"नको ओढू. खांद्यावर बसलाय."

मी खालची कड धरून हळूच ताणली. टी-शर्ट लांब झाला. रुंद होईना. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. हे कापड खरं ताणतं ते रुंदीच्या बाजूनं, आणि तो ताण अंगाभोवती यायला हवा. मी आडवं अंथरून तो डोक्याकडून पायाकडं नेला होता. अंगाभोवती राहिला नुसता पट्टा.

"पोत्यातल्या मांजरीगत वाटतंय," ती आतून म्हणाली.

मी बाही धरली, सोडली, परत धरली. जिथं हात लावावा तिथं तिला दुखत होतं.

"काप."

"अगं, थोडं वाकलीस तर..."

"हर्षाली, जळतंय. काप."

मी कात्री घेतली. गळ्यापासून खांद्यावरून बाहीपर्यंत, जिथं दाबत होतं तिथूनच कापत गेले. इतक्या वर्षांत तो खांदा मी पहिल्यांदा बघितला. त्यावर एक ताजी लाल रेघ उठली होती, मी शिवलेल्या गळपट्टीची.

कापलेला टी-शर्ट घेऊन तशीच पळत मी चिमामावशीकडं गेले. तिनं तुकडा एकदा उभा ताणला, एकदा आडवा.

"ताण कुनीकडं ठिवला?"

मी बोटानं उभी बाजू दाखवली.

"जोड देता येईल, पन जोड नेमका खांद्यावर येतोय. कापड हाय का अजून?"

मी पिशवीतून माझा टी-शर्ट काढला, कापलेला, न शिवलेला. तिनं तोही ताणून बघितला, तोही तसाच आडवा कापलेला, आणि घडी घालून परत दिला.

"दुकानात?"

"तेवढंच होतं."

"मग आता काय करनार बाई," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

सकाळी बॅग घेऊन मी वैष्णवीच्या दारात गेले. तिची आई अंगण झाडत होती.

"ती न्हाई यायची. तू जा, गाडी चुकंल."

"काकू, माझ्यामुळं..."

"तिनं सांगितलंय, हर्षीला काय बोलायचं न्हाई. जा बाई."

वैष्णवी दारात आली. खांद्यावर ओढणी सैल टाकलेली.

"खुंटी तिरकी ठोकायची," ती म्हणाली. "तू सरळ ठोकशील."

"बरं," मी म्हणाले.

एसटीत आदेश सरांनी हजेरी घेतली. वैष्णवीचं नाव दोनदा पुकारलं.

"हर्षाली, तुझी मैत्रीण ना? का नाही आली?"

सगळी डोकी माझ्याकडं वळली. माझ्यामुळं, असं म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, म्हणजे काय? मग टी-शर्ट सांगावा लागणार, आणि टी-शर्ट सांगितला की खांदा. माझी चूक कबूल करायची तर तिनं सहा वर्षं झाकलेलं उघडं करावं लागणार.

"तिला बरं नाही, सर."

"काही बरंबिरं नाही," मागच्या सीटवरून संस्कृती म्हणाली. "काल तर चांगली होती. बिबट्याला घाबरली असणार."

"तंबूला कडी नसते ना," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ऋषीनं डरकाळी काढून दाखवली.

सरांनी तिच्या नावापुढं काट मारली. मी उभी राहिले. ती घाबरट नाही, एवढं तरी सांगायचं होतं. गाडीनं गचका दिला. "अगं बस खाली, पडशील," कुणीतरी म्हणालं, आणि मी बसले.