मानाचं बोलावणं

घाटकोपरच्या सामंतांच्या घरात रोज सकाळी एक रीत न बोलता पाळली जाई. धाकटा मुलगा नंदकुमार मुलुंडच्या कारखान्यात जायला निघाला, की थोरली सून वसुधा स्वयंपाकघरात जाऊन उभी राही. तो जिना उतरून गेला, की मग बाहेर येऊन आपली पुस्तकं पिशवीत भरी. कामाला निघालेल्या पुरुषाला विधवा आडवी जाऊ नये, एवढंच त्याचं कारण. वसुधा तेव्हा विद्यापीठात संख्याशास्त्राची प्राध्यापक होती.

तिचा नवरा विद्याधर विषमज्वरानं गेला, तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मुलगी शुभा पाळण्यात. पांढऱ्या पायाची म्हणून सासूनं मरेपर्यंत ऐकवलं. सासऱ्यांनी, नानांनी, मात्र तिला शिकू दिलं, आणि ते तिला कधी विसरूही दिलं नाही. स्वयंपाक उरकून ती एम.एस्सी. झाली. पुढे मुंबईतल्या बालमृत्यूंवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. वर्गात ती म्हणे, "कावळा बसला आणि फांदी मोडली, तर कावळ्याला शिव्या देऊ नका. आधी बघा, फांदी किती कुजली होती." मुलं हसत. घरी मात्र तिनं हे वाक्य कधी उच्चारलं नाही.

पंच्याऐंशी साली शुभाचं लग्न ठरलं. मुलगा श्यामकांत, ट्रॉम्बेला नोकरीला, शिकलेला, हसतमुख. कन्यादान नंदकुमार आणि त्याची बायको सुलक्षणा करणार, हे ठरवताना वसुधाला कुणी विचारलंच नाही. तिनंही गृहीत धरलं होतं. आपण समोरच्या रांगेत बसू, एवढीच तिची अपेक्षा होती.

मुलुंडच्या हॉलमध्ये, मुहूर्ताच्या थोडं आधी, पिवळी साडी नेसलेली शुभा तिच्याजवळ आली. खाली मान घालून म्हणाली, "आई, तू जरा आतल्या खोलीत बसशील? मंगलाष्टकं होईपर्यंतच."

"कोण म्हणालं?"

"त्यांच्याकडच्या बायका कुजबुजतायत गं. उगाच कुणी काही बोलायला नको ना, आजच्या दिवशी."

"श्यामकांतला माहीत आहे?"

"तो म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा."

वसुधा उठली. आतल्या खोलीत कपड्यांच्या पेट्या होत्या. त्यांतल्या एकीवर ती बसली. बाहेर तिच्या विभागातले सहकारी विचारत होते, मॅडम कुठं आहेत? नाना मोठ्यानं हसून सांगत होते, "कामात आहे हो. तिला कुठली फुरसत!" तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. वसुधाच्या मुठीत अक्षता होत्या. त्या टाकायच्या कुणावर? समोर शुभाची रोजची साडी घडी करून ठेवली होती. वसुधानं अक्षता तिच्यावर टाकल्या आणि डोळे पुसून पाहुण्यांची पानं वाढायला गेली. वाढायला मात्र तिचे हात सगळ्यांना चालत होते.

त्यानंतर दोन वर्षांनी नंदकुमार गेला. त्याला रक्तदाबाचा त्रास होता, गोळ्या घ्यायचा कंटाळा होता, सिगारेट सुटत नव्हती. कारखान्यातच छातीत कळ आली आणि संपलं. दुपारी त्याला घरी आणलं. बातमी ऐकून शुभाही धावत आली. बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या.

नानांची बहीण रुक्मिणीआत्या भिंतीला टेकून बोलत होती, "सकाळीच जिन्यात आडवी गेली त्याका. माका खालच्यांनी सांगितल्यानी."

त्या दिवशी वसुधाचा तास लवकर होता. ती आधी निघाली होती, हे खरं होतं. ती सुलक्षणाला पोटाशी धरून बसली होती.

अंत्ययात्रेची तयारी झाली. नाना दारातून आत आले आणि त्यांनी हाक मारली, "वसुधा, पुढे ये."

क्षणभर तिला कळलंच नाही. या घरात चारचौघांत तिला कुणी पुढे बोलावलं नव्हतं.

आत्यानं समजावलं, "सुलूच्या बांगड्यो फोड, मंगळसूत्र काढ. ह्यां काम रांडावलेल्या बायलेनंच करूचां असतां. आणि तू तर घरातलीच. तुझोच मान."

वसुधा म्हणाली, "मी करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला करूही देणार नाही."

नानांचा आवाज चढला. "शिकवलं तुला ते याचसाठी? माझं पोर पडलंय बाहेर, आणि तू भाषणं करतेस?"

"भाषण नाही, नाना. माझ्या हातांवर ज्या दिवशी दगड मारला, तो दिवस मला आठवतोय. तुम्हीही तिथंच उभे होतात."

ती मुलीकडे वळली. "शुभा, उद्या तुझ्यावर अशी वेळ आली, तर मलाच बोलावतील. मानानं. येऊ मी?"

बायकांनी कानांवर हात ठेवले. "अगो, काय अवदसा ही! सवाष्ण लेकीला असं बोलते!" शुभाचा हात आपल्या मंगळसूत्राकडे गेला.

आणि तेवढ्यात सुलक्षणानं वसुधाला ढकललं. "सोडा मला, वहिनी! तुमचं काय जातंय? रीत मोडून माझ्या पोरीला, वनूला काही झालं तर?" तिनं दोन्ही हात उचलले आणि स्वतःच उंबऱ्यावर आपटले. एकदा, पुन्हा एकदा. काचा उडाल्या. मनगटातून रक्त आलं. मंगळसूत्र तिनं इतक्या जोरात ओढलं, की मानेवर वळ उठला. कपाळाचं कुंकू रक्ताच्याच हातानं पुसलं.

आत्या म्हणाली, "झालां. चला आता."

पुरुष नंदकुमारला घेऊन गेले. बायका आंघोळीला पांगल्या. वसुधानं तांब्याभर पाणी आणलं आणि सुलक्षणाच्या मनगटात रुतलेल्या काचा एकेक करून काढू लागली. सुलक्षणाला आता रडूही येत नव्हतं. तिनं विचारलं, "वहिनी, आता वनूच्या लग्नात मीही आतल्या खोलीत बसायचं?"

तिची मुलगी वनमाला यंदाच कॉलेजात गेली होती.

वसुधाचा हात थांबला. "नाही," ती म्हणाली. "मी उठून आत गेले, तिथंच चुकले. वनूच्या लग्नात तू तिच्या शेजारी बसशील. ज्यांना ते चालणार नाही, त्यांच्या घरी आपली मुलगी द्यायची नाही. नानांना मी आजच सांगणार आहे."

"ते ऐकतील?"

"नाही ऐकणार. घराबाहेरही काढतील कदाचित."

तिनं पदराची किनार फाडली आणि सुलक्षणाच्या मनगटाला बांधली. शुभा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आईच्या शेजारी जाऊन बसावं असं तिला फार वाटत होतं, पण तिचं पाऊल उचलत नव्हतं. आणि वसुधानं तिला हाक मारली नाही.