शालन 'हॅपी' होती

खोटं लिहिलंत, साहेब. 'घटनेच्या दिवशी कामगार आनंदी होती, सबब अर्ज निकाली' या ओळीखाली सही तुमचीच आहे. आणि तिकोणा पेठ गावच्या शालनच्या उजव्या हाताची चार बोटं अजून मिटत नाहीत.

धरणाकाठच्या त्या रिसॉर्टात शालन तीन वर्षं संडास-बाथरूम धुवायची. दाराशी दोन यंत्रं. एकावर येताना अंगठा लावायचा. दुसऱ्यावर तीन चेहरे, हिरवा हसरा, पिवळा मुका, लाल रडका. हिरव्याखाली इंग्रजीत 'हॅपी'. पहिल्याच दिवशी सुपरवायझर राजेंद्रनं सांगितलेलं, "सुटताना हिरवा दाबायचा, मग जीपमध्ये बसायचं." बायकांनी ती हजेरीच धरली, अंगठा आल्याची, हिरवा गेल्याची. एकदा रेणुकानं लाल दाबला, तर 'काय प्रॉब्लेम आहे' म्हणून तिला अर्धा तास बसवून घेतलं. जीप निघून गेली. बाई घाट उतरून चालत घरी आली. त्यानंतर लालला कुणी बोट लावलं नाही.

मग ॲसिडचा कॅन फुटला. हातमोजे मागून चार महिने झाले होते. शालननं हात बादलीत बुडवला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि जीप चुकू नये म्हणून कोपरानं हिरवा दाबला.

कोपरानं, साहेब.

मागणं एकच होतं. ऑपरेशन रिसॉर्टनं करून द्यावं. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीच्या आत झालं तर बोटं मिटतील. अर्जाला उत्तर आलं म्हणून शालन पुतणीला, कोमलला, घेऊन लोणावळ्याच्या कामगार कचेरीत गेली. साहेबांनी निकालाचा कागद सरकवला.

"मावशी, रिसॉर्टच्या यंत्रावर त्या दिवशी तुम्ही स्वतःच हॅपी नोंदवलंय."

"म्हंजी काय वं?"

"आनंदी, काकू," कोमल खाली बघून म्हणाली.

शालनला एकेक दिवस आठवला. तापानं फणफणत गेली, तो दिवस आनंदी. पाहुण्यानं ओला टॉवेल तोंडावर फेकला, तोही आनंदी.

"मला वाटलं, गेल्याची हजेरी हाय ती."

"वाटण्याला पुरावा नसतो, मावशी."

"आन् ह्याला?" तिनं तो हात कागदावर ठेवला.

साहेबांनी कागद अलगद ओढून घेतला. "कागदाला मलम लागेल."

कोमल तिला उठवायला लागली. शालन खुर्चीत घट्ट बसली.

"आमच्यात आनंद झाला का माणूस घरोघर सांगत सुटतंय, साहेब. कोपरानं दाबून जीपकडं पळत न्हाई. तुमी शिकल्यालं. हात भाजल्याली बाई हॅपी व्हती का? व्हय का न्हाई, येवढंच लिवा त्या कागदावर, आन् खाली परत सही करा. मी बसलीया हितं. लिवा."