बंद ठेवलेली पट्टी

सहा महिन्यांत मला एकही चिठ्ठी आली नव्हती. सुरुवातीला मी त्याचा चांगलाच माज केला, हे आधीच कबूल करते.

अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या आम्ही वाचनालयात नऊजणी आहोत. पद्धत अशी की मी वाचते, मग दुसरी कोणी पुस्तक समोर धरून ते ऐकते आणि चूक सापडली की चिठ्ठी लिहिते. पान, ओळ, चूक. तेवढं वाक्य मी परत वाचायचं, मग ते जुन्याच्या जागी जोडायचं. चिठ्ठीशिवाय कोणी कोणाच्या आवाजाला हात लावायचा नाही. माझं वाचन हात्सुए तपासते, तिचं मी. शाळेपासूनची मैत्रीण, पण चिठ्ठ्या लिहायला बसली की खाष्ट सासू. बावीस वर्षांत तिनं मला एक पुस्तक बिनचिठ्ठीचं सोडलं नव्हतं.

मग सुगितानी-सान आले. फ्रिजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हातात काम नाही म्हणून आमच्यात शिरलेले. जुनं यंत्र मोडीत काढून त्यांनी संगणकावर एक प्रोग्रॅम बसवला. जगभरातल्या कोणाकोणा लोकांनी मिळून केलेला, कोणीही वापरावा, आतून उघडून बघावा, आणि सगळं फुकट.

"फुकट म्हणजे? त्यात त्यांचा काय फायदा?" मी विचारलं होतं.

"तुम्ही इथं वाचता, कागावा-सान, त्यात तुमचा काय फायदा?"

बाकीच्या हसल्या. त्या दिवसापासून हा माणूस मला आवडेनासा झाला.

शंकेची पाल चुकचुकली ती कुवामोतो-सानांमुळे. ते अंध आहेत. स्टेशनमागे त्यांचं मालिशचं दुकान आहे. त्यांचे वडील ओकी बेटावर दीपगृहाचे रखवालदार होते, आणि तिथल्या रखवालदारांच्या आठवणींचं एकुलतं एक जुनं पुस्तक मी त्यांच्यासाठी वाचत होते. एकेक प्रकरण झालं की ते मंगळवारी येऊन घेऊन जात.

"वाचन छान चाललंय," ते म्हणाले. "पण एक विचारू? त्या रखवालदाराच्या बायकोचं नाव आलं की तुम्हाला सर्दी कशी होते?"

"कसली सर्दी?"

"वाक्य मोकळ्या नाकानं सुरू होतं. मग 'किनु' येतं, ते चोंदलेल्या नाकानं. पुढं परत नाक मोकळं. प्रत्येक वेळी हो."

मला सर्दी फेब्रुवारीत झाली होती. हे प्रकरण मी मे महिन्यात वाचलं. म्हणजे फेब्रुवारीतला 'किनु' उचलून कोणीतरी मे महिन्यात चिकटवत होतं. आणि संगणकाला हात लावणारा माणूस एकच.

घरी जाऊन मी पुस्तक काढलं. नाव किनुच होतं. मी किनुच वाचलं होतं, याची मला शंभर टक्के खात्री होती. मग किनु काढून किनु घालायचं कारण काय? शिंपल्यांचं सूप गॅसवर आटून गेलं तरी मला उत्तर सापडलं नाही. सापडलं ते भलतंच. हा माणूस माझ्या आवाजावर हात बसवून घेतोय. आज नाव बदलतोय, उद्या वाक्य बदलेल, परवा मी न वाचलेलं आख्खं पुस्तक माझ्या तोंडी घालेल आणि मग कागावाबाईंची गरजच काय?

हात्सुएला फोन केला.

"तू तपासतेस ना? मग तुला कसं कळलं नाही?"

"तोमिए, तू उगाच डोक्यात काहीतरी घेतेस. सुगितानी-सान चांगले आहेत गं."

ही पण त्यांना सामील. इथं नक्की पाणी मुरत होतं.

गुरुवारी बाराच्या ठोक्याला सुगितानी-सान डबा घेऊन बाहेरच्या बाकावर गेले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत खायला बंदी आहे. मी आत शिरून दार लावलं आणि माझं प्रकरण उघडलं. पडद्यावर आवाजाची पट्टी दिसली, रांगोळीच्या रेघेसारखी बारीक-जाड होत जाणारी. ठिकठिकाणी कापल्याच्या उभ्या रेषा होत्या. एका पानात मी चौदा मोजल्या.

त्या पट्टीखाली आणखी एक पट्टी होती, आवाज बंद करून ठेवलेली. तिच्यावर एकही रेष नव्हती. माझं मूळ वाचन. चोरानं पुरावा जपून ठेवला होता. मी वरची बंद केली, खालची सुरू केली आणि पुस्तक समोर धरलं.

"वादळ सरल्यावर साचिको दिवा पुसायला वर चढली," माझा आवाज म्हणाला.

पुस्तकात तिथं किनु होतं. साचिको माझी धाकटी बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

"वादळ सरल्यावर साचिको दिवा पुसायला वर चढली." परत तेच. तोच सूर, तोच विराम, जणू पहिल्यांदाच वाचतेय. मग तिसऱ्यांदा. मग बराच वेळ नुसती शांतता, आणि त्या शांततेत मी हळूच कोणाला तरी विचारलं, "आपण कुठपर्यंत आलो होतो?"

त्या खोलीत मी एकटीच वाचते. मला यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा मी खुर्चीतच होते. सुगितानी-सानांनी पडद्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि मान झुकवली. चोरी मी करत होते आणि माफी ते मागत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नोव्हेंबर. हात्सुए-सान चिठ्ठ्या घेऊन आल्या, एका प्रकरणाला चाळीस. म्हणाल्या, या तिला देऊ नका, तिच्याच जुन्या वाचनातून शब्द उचलून तुम्हाला जोडता येतात का बघा. नियम मोडला मी. चूक माझी आहे."

"आणि कुवामोतो-सान?"

"त्यांना यातलं काही माहीत नाही. सर्दीचा 'किनु' मात्र मला लपवता आला नाही. तुम्ही नाव नीट घेतलेलं फक्त फेब्रुवारीत होतं."

मला इतकी लाज वाटली की त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आणि लाजेच्या खाली भीती होती, ती अजूनही आहे.

"बसा," मी म्हटलं. "आत्ता, तुमच्यासमोर वाचते. कुठं अडले तर सांगा."

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. मी एक पान वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. मला तरी स्वच्छ वाटलं.

"सगळं एकदाच वाचलं ना मी?"

"एकदाच," ते म्हणाले.

बावीस वर्षं मी माणसांचे आवाज कानात तेल घालून ऐकत आलेय. बोलण्याआधी त्यांनी घेतलेला तो छोटा श्वास मला ऐकू आला. ते खोटं बोलत होते.

मी पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं.

"मी? अहो, मला वाचता येत नाही तसं. कारखान्यात कोण वाचतं मोठ्यानं?"

"येईल. कुवामोतो-सान या प्रकरणासाठी थांबलेत. आणि मी आहे ना ऐकायला."

त्यांनी घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलासारखं ताठ बसून सुरुवात केली. वाचन भयंकर होतं. दुसऱ्याच वाक्यात त्यांनी एक शब्द गाळला. मी चिठ्ठ्यांची वही ओढून घेतली आणि लिहिलं, पान एकशे अठ्ठ्याण्णव, ओळ दुसरी.