डाव्या हातातल्या बांगड्या

"मी गेलो की तू हिच्याजवळ बस. माणसं रडायला येतील, रडू दे. पण हिच्या बांगड्यांना कुणाला हात लावू देऊ नको."

भीमाआजोबांनी आपल्या बायकोकडे, विठाबाईकडे, बघत हे सांगितलं तेव्हा त्यांची नातसून रुपल मुलीच्या अंगाला तेल लावत बसली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "आजोबा, दोन हजार पंधरा साल चालू आहे. आता कोण फोडतं बांगड्या?"

म्हातारा हसला. "तू कॉलेज शिकलीस गं. आळी कुठे शिकलीय?"

पुढच्याच वर्षी, नव्वदी कधीच ओलांडलेला हा माणूस झोपेत गेला. रुपल तलासरीहून डहाणूला पोचली तेव्हा किनाऱ्यावरच्या आळीत, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या कडेला खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि पुरुषमंडळींचं कौतुक उतू चाललं होतं.

"लढाई बघितलेला माणूस हो!"

"बोट फुटली, तरी समुद्राने परत दिला त्याला."

रुपलच्या अंगाचा तिळपापड झाला. हीच माणसं, आजोबांनी बोटीचा विषय काढला की "लागला म्हातारा" म्हणत चपला शोधायची. गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ. इंग्रजांच्या मालाच्या बोटीवर भीमा भट्टीत कोळसा टाकायचा. महायुद्धात बोट बुडाली, आणि सगळे गेले असा निरोप खलाशांच्या मुकादमाने, सारंगाने, गावात आणला. आळीने गवताचा पुतळा करून जाळला. विठाबाई तेव्हा सोळा वर्षांची. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दीड वर्षाने भीमा चालत घरी आला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात तो तापाने पडून होता. पण मेलेला माणूस उंबरा ओलांडणार कसा? मग जाणत्यांनी त्या बाप्याला परातीत बसवून न्हाऊ घातलं, त्याचं बारसं केलं, नाव पुन्हा भीमाच ठेवलं आणि त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावलं. "माझी लग्नं दोन, बायको एक," असं ते मिशीत हसून सांगायचे. त्या दिवशी विठाबाईच्या हातात बांगड्या त्यांनी स्वतः भरल्या, आणि पुढे दर नारळीपुनवेला, बोटीवर नसले की, हाताला साबण लावून तेच भरायचे. कोळसा ओढून राठ झालेले पंजे, पण कधी एक काच तडकली नाही. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, "कासार आला गं विठाचा!"

आतल्या खोलीतून काच फुटल्याचा आवाज आला. रुपल मुलीला कडेवर घेऊन तशीच आत घुसली.

विठाबाई जमिनीवर बसली होती. उजवं मनगट उघडं पडलं होतं, त्यावर रक्ताची बारीक रेघ. समोर तिचीच मुलगी हिरूआत्या, हातात वरवंटा. भोवती बायका.

"एकदा झालंय गं याच्या नावाने," विठाबाई म्हणत होती. "किती वेळा करणार?"

"आये, गप. रीत आहे."

रुपलने खाली बसून म्हातारीचं डावं मनगट आपल्या मुठीत धरलं.

"हात काढ. लागेल," हिरूआत्या म्हणाली.

"लागू दे."

"तान्ह्या पोरीला मयताच्या घरात घेऊन आलीस, वर मला शिकवतेस?"

"तुमच्या वेण्या कुणी घातल्या, आत्या? आजोबा घरी असले की रोज शाळेला जाताना त्यांनीच ना? त्याच हातांनी या भरल्यात. फोडा मग माझ्या बोटांवर."

मागून कुणीतरी फिसकारलं, "आता एका हाताची सवाष्ण, एका हाताची रांडाव!" बायकांत हसू फुटलं. दारात मयत असताना. रुपलची मुलगी किंचाळून रडायला लागली.

हिरूआत्याचा वरवंटा तसाच वर होता. "माझ्या फोडल्या तेव्हा कोण आडवं आलं गं?" तिचा आवाज चिरकला. "हे तुझे लढाईवाले आजोबा ओट्यावर बसून होते. माझा बाप! तोंडातून शब्द काढला नाही त्याने. त्याची बायको तेवढी सवाष्ण राहणार, आणि मी?"

ज्या माणसासाठी रुपल भांडत होती त्याचाही तिला त्या क्षणी राग आला. पण मूठ तिने सोडली नाही.

बाहेरून हाक आली, "उचलायची वेळ झाली!" बायका उठल्या. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या राहिल्या.

तेरावं होईपर्यंत रुपल म्हातारीच्या अंथरुणाशेजारी झोपली. मुलीला ताप होता, तिला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि दार वाजलं की ती दचकून उठायची. जतीन, तिचा नवरा, "जाऊ दे ना, चार काचा त्या," म्हणाला, तेव्हा त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही. म्हातारीला तलासरीला न्यायचं म्हटलं तर ती समुद्र सोडून यायला तयार नाही. निघताना हिरूआत्याने अंगणातूनच सांगितलं, "परत या घराची पायरी चढायची नाही."

आता रुपल फोन करते. आत्या उचलते. "आहेत गं, आहेत तुझ्या बांगड्या," म्हणते आणि ठेवून देते. विठाबाईला फोनवर ऐकू येत नाही. परवा जतीन जाऊन आला, तर आजी पदराखाली हात घेऊन झोपली होती म्हणाला. त्याने पदर बाजूला केला नाही. पुरुषमाणसाला सुचतंय कुठे!

तेव्हा तुमच्यापैकी कुणी डहाणूला फिरायला, मासळी घ्यायला जाणार असेल, तर किनाऱ्यावरच्या आळीत जरा आत शिरा. लढाईतल्या भीमाचं घर विचारा, कुणीही दाखवेल. ओट्यावर थांबू नका, पाणी मागायच्या निमित्ताने आत जा. विठाबाईशी मोठ्याने बोला, तिचा डावा हात हातात घ्या, आणि काय दिसलं ते रुपलला कळवा.