उघड्या उन्हातली शपथ

रोडोस बेटावर वर्षाला आकडा नसतो, माणसाचं नाव असतं. हेलिओसचा, म्हणजे सूर्यदेवाचा, त्या वर्षी जो पुजारी, त्याचंच नाव वर्षाला. कुणाचं लग्न कधी झालं, कोण कधी गेलं, सगळं त्या नावानं लक्षात ठेवायचं. आपल्या नावाचं एक वर्ष असावं ही नाउसिप्पोसची हौस मिसरूड फुटल्यापासूनची. साठी उलटल्यावर एकदाचा त्याचा नंबर लागला. तोवर नाव घेण्यासारखं त्याच्या हातून काही झालं नव्हतं, आणि हे दुसरं कुणी म्हणायच्या आत तो स्वतःच म्हणून टाकायचा.

"मला भाषण येत नाही, पोहता येत नाही, मुलं माझं ऐकत नाहीत," तो बायकोला, मिर्तोला, सांगायचा. "पण वर्ष तर माझं होणार. ते कुणाला नाकारता येणार नाही."

"त्यात दुष्काळ पडला, तर तोही तुमच्याच नावावर जाईल," मिर्तो म्हणायची.

अडचण घोड्यांची होती. उत्सवाच्या दिवशी पुजाऱ्यानं चार पांढऱ्या घोड्यांचा रथ हाकत समुद्राच्या कड्यापर्यंत न्यायचा, ऐन टोकावर उडी टाकून उतरायचं आणि रथ घोड्यांसकट समुद्रात देवाला अर्पण करायचा, तेव्हा कुठे वर्ष त्याच्या नावावर लागायचं. नाउसिप्पोसला गाढवाचीसुद्धा धास्ती. पूर्वी एका पुजाऱ्याचा अंगरखा चाकात अडकला होता. बिचारा वाचला, पण त्याचं वर्ष लोकांना आजही त्याच्या उघड्या ढुंगणामुळे आठवतं.

उत्सवाच्या सकाळी नाउसिप्पोसचे गुडघे लटपटायला लागले. दारूचा घोट घेतला तर धीर येईल, असं वाटलं. पण हेलिओसच्या पूजेत दारू वर्ज्य. आभाळातून चार घोडे हाकणाऱ्याला पाजून कसं चालेल? त्याला मध वाहतात, आणि त्या दिवशी पुजाऱ्यानंही दारूला शिवायचं नसतं. नाउसिप्पोस कोठीच्या खोलीत गेला, दार लावलं, डोक्यावरून कांबळं घेतलं आणि आत बसून प्याला. हेलिओसला सगळं दिसतं हे खरं, पण कांबळ्याच्या आतलं कसं दिसणार?

रोडोसच्या माणसाला ही अक्कल उपजतच असते. बाजारात विचारा, मासे ताजे आहेत का, तर कोळी आधी दोन पावलं सावलीत सरकतो आणि मग "हो" म्हणतो. उन्हात उभं राहून खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही.

फक्त कांबळं पांघरताना या शहाण्याला एका गोष्टीचा विसर पडला. रथात चढण्याआधी पुजाऱ्याला शपथ घ्यावी लागते, आणि तीही उघड्या उन्हात.

"हेलिओससमोर सांगा," नगरप्रमुख म्हणाले, "आज दारूला शिवलात?"

नाउसिप्पोसनं वर पाहिलं. औषधालाही ढग नव्हता. तो हळूच नगरप्रमुखांच्या सावलीत शिरायला गेला, पण नगरप्रमुख अंगानं काटकुळे होते आणि नाउसिप्पोस तसा नव्हता. जेमतेम एक कान सावलीत आला.

"शिवलो," तो म्हणाला. "दोन पेले. कांबळ्यात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी गर्दीच हसायला लागली. नाउसिप्पोसही हसला, कारण नाहीतर तो रडला असता. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते वर्ष त्यानं एका वाक्यात घालवलं होतं.

राखीव पुजारी म्हणून शेजारचा तेलवाला फाइनीलास तयारच होता. "तुझं काही बरंवाईट झालं तर मी आहेच," असं तो उत्सव ठरल्यापासून घोकत होता. त्यानं खणखणीत आवाजात शपथ घेतली, "थेंबही नाही." आपल्या डोक्यावरचा पुजाऱ्याचा पानांचा मुकुट आता नाउसिप्पोसनं स्वतःच्या हातानं फाइनीलासच्या डोक्यावर ठेवायचा होता. तो जवळ गेला आणि दारूचा असा भपकारा आला की त्यानं मान मागे घेतली. दोन पेल्यांत एवढा वास येत नाही.

तिसरा उमेदवार नव्हता. नाउसिप्पोस एक शब्द बोलला असता, तर निदान खरं बोलणारा म्हणून मुकुट त्याच्याकडे परत आला असता.

"बोलू नकोस रे," फाइनीलास पुटपुटला. त्याचे दात वाजत होते. "मला घोड्यांची फार भीती वाटते."

"काही सांगायचंय का?" नगरप्रमुखांनी विचारलं.

नाउसिप्पोसनं मुकुटाकडे पाहिलं, मग फाइनीलासच्या गुडघ्यांकडे. ते गुडघे त्याच्या चांगलेच ओळखीचे होते.

"काही नाही," तो भर उन्हात म्हणाला. "मुकुट जरा सैल होतोय त्याला."

फाइनीलासनं टोकाच्या बऱ्याच आधी उडी टाकली, पण घोडे गेले आणि वर्ष त्याचं झालं. घरी जाताना नाउसिप्पोसनं मिर्तोला सगळं सांगितलं. ती वाटेत थांबली.

"म्हणजे स्वतःसाठी खोटं बोलवेना, आणि त्या तेलवाल्यासाठी बोललात?"

"हो. आणि देवानं काहीसुद्धा केलं नाही," नाउसिप्पोस म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं, तो माझ्यावर डोळा ठेवून आहे. मी असा कोण मोठा लागून गेलोय?"

"देवाचं मला माहीत नाही," मिर्तो म्हणाली आणि त्याचा हात धरून चालायला लागली. "मी ठेवून होते. पेले तीन होते."