सरांसारखा सूर

माझ्या धाकट्या भावाला ऑर्केस्ट्रातले लोक 'छोटे सर' म्हणायचे. त्याला ते आवडायचं, आईला तर त्याहून जास्त. मला अजिबात आवडायचं नाही, पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण? सर म्हणजे त्याचे गुरू, शहरातल्या मोठ्या ऑर्केस्ट्राचे पहिले ट्रम्पेटवादक. धाकटा त्यांच्याकडे शिकायला गेला तेव्हा एवढासा होता, ट्रम्पेट त्याच्याहून मोठा वाटायचा.

सरांचा पुढचा दात लहानपणी सायकलवरून पडून वाकडा झाला होता. माउथपीस, म्हणजे ट्रम्पेटची ओठांना लावायची छोटी वाटी, मधोमध टेकवलं की तो दात आतून टोचायचा. म्हणून सर माउथपीस डावीकडे सरकवून वाजवायचे. मान जराशी कललेली, ट्रम्पेट तिरपा. लोकांना त्या तिरपेपणाचंच भारी कौतुक. आमच्या धाकट्याचे दात सरळ, एका ओळीत बसलेले. पण शिकायला लागल्यावर थोड्याच दिवसांत तोही डावीकडून वाजवायला लागला. मी विचारलं, "अरे, असं वाकडं का धरतोस?"

"ताई, सर असंच धरतात," तो म्हणाला, आणि विषय संपला.

पुढे शाळेची बक्षिसं झाली, संगीत महाविद्यालय झालं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात शेजारी भिंतीवर बुक्के मारायचे, म्हणून तो कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून रियाज करायचा. बाबांचे कोट असे कितीतरी वर्षं पाश्चात्य शास्त्रीय संगीत ऐकत होते. बाबांना मात्र शेवटपर्यंत त्यातलं काही कळलं नाही. शिक्षण संपल्यावर त्याला बदलीची कामं मिळू लागली. ऑर्केस्ट्रात कोणी आजारी पडलं की याला फोन यायचा. आई एरवी फार मायाळू बाई, पण थंडी सुरू झाली की दुसऱ्याच्या घशाला काही होतंय का, याची वाट बघत बसायची.

पण बदली म्हणजे बदली. खुर्ची दुसऱ्याची आणि नावही दुसऱ्याचं. उरलेल्या दिवसांत तो हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी हळू आवाजात वाजवायचा. ट्रम्पेटवाल्याच्या कायमच्या जागा असतात त्या किती! एक माणूस एकदा बसला की केस पिकेपर्यंत उठत नाही. त्यामुळे सर निवृत्त होणार असं कळलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी देव पाण्यात घातले. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत धाकटा म्हातारा झाला असता.

त्याचा ओठ दुखतो हे मला ठाऊक होतं. लांबलचक काही वाजवलं की शेवटी वरचे सूर निसटायचे. विचारलं की म्हणायचा, "थकवा आहे गं." रात्री ओठावर बर्फ धरून बसायचा आणि मी आले की रुमाल तोंडावर घ्यायचा.

निवडीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आधीच्या फेऱ्या पडद्याआडून होतात. कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसत नाही. त्या त्याने सहज काढल्या. शेवटच्या फेरीला पडदा काढतात. परीक्षकांत सरही होते. दाराआडून मला त्याचा आवाज येत होता, गोल, गरम, थेट सरांचा. मी जीव मुठीत धरून बसले होते. शेवटचा वरचा सूर आला, चिरला, आणि त्यानंतर नुसती हवा ऐकू आली. त्याने परत सुरुवात केली. परत हवाच.

जागा परगावच्या एका मुलीला मिळाली. मी नंतर तिला ऐकायला गेले, खोट काढायलाच गेले होते. काही सापडली नाही.

निकाल सांगून झाल्यावर परीक्षकांतल्या एक पाहुण्या बाई मुद्दाम आमच्यापाशी आल्या. स्वतः ट्रम्पेट वाजवणाऱ्या.

"तुमच्या दाताला काही झालंय का?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

"नाही."

"मग माउथपीस डावीकडे का?"

तो माउथपीस काढून पुसायला लागला. बाईच म्हणाल्या, "सगळा भार ओठाच्या एकाच बाजूवर येतोय. तिथला स्नायू पार थकलाय. हे लहानपणीच कोणीतरी सांगायला हवं होतं."

"आता मधोमध आणता येईल ना?" मी विचारलं.

"येईल. पण पहिल्यापासून शिकावं लागेल. वर्षं जातील, आणि तरी हा आवाज परत येईल याची खात्री नाही."

तेवढ्यात सर बाहेर आले, कोट हातावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सर, तुम्हाला हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं," सर म्हणाले. नाकारतील असं मला वाटलं होतं, नाकारलं असतं तर बरं झालं असतं. "सुरुवातीलाच दिसलं. म्हटलं, पुढच्या तासाला सांगू. मग लोक म्हणायला लागले, तुमचाच मुलगा शोभतो. आम्हाला मूलबाळ नाही गं. मला ते बघायला बरं वाटायचं."

मी तोंड उघडणार तोच धाकट्याने माझा हात दाबला. "सर, जिन्यात अंधार आहे, जपून," असं म्हणून त्याने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना खाली नेऊन सोडलं. मी वरच उभी राहिले. त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि धाकट्याचाही येतो, कारण त्याला येत नाही.

आईला आम्ही एवढंच सांगितलं की जागा दुसऱ्याला मिळाली. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मिळेल." मी ताटं वाढायला घेतली.

एका रविवारी दुपारी धाकटा आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. मी दारापाशीच कपड्यांच्या घड्या घालत होते. फटीतून दिसलं, त्याने माउथपीस ओठांच्या मधोमध ठेवलं, आरशात बघून नीट केलं, आणि फुंकर मारली. फसकन हवा गेली. मग एक फाटका, थरथरता आवाज निघाला, धड सूरही नाही. तो थांबला, पुन्हा ठेवलं, पुन्हा तसाच निघाला.

आई स्वयंपाकघरात होती. धाकट्याचा ट्रम्पेट ती झोपेतही ओळखायची. तिने तिथूनच विचारलं, "काय रे, कोणी नवीन शिकायला आलंय का?"

त्याने ट्रम्पेट खाली घेतला.

"हो गं आई," तो म्हणाला.

"मग ओरडू नकोस हं त्याला," आई म्हणाली. "लहान असेल."