बत्तीस एमबीचा आवाज

फळबाजारात सगळे त्याला भोंगा म्हणत. लिलाव पुकारायला तो ओट्यावर चढला की पार फाटकाबाहेरचे हमालही हातातलं काम टाकून ऐकत राहायचे. घरी मात्र त्या आवाजाचं कौतुक कुणाला नव्हतं. घरी होती एकटी बायको. मूलबाळ नव्हतं. ती शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची, आणि दिवसभर शिलाई मशीन घरघरत असायचं. त्या घरघरीवर मात करत हा आतल्या खोलीतून हाका मारायचा. "अहो, हळू बोला, मी काही बाजारात नाही उभी," असं ती दिवसातून चारदा तरी म्हणायची.

मग त्याचा घसा बसला तो सुटेचना. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की गाठ स्वरयंत्रावर आहे, काढली तर माणूस जगेल पण आवाज जाईल. घराच्या दाराशी आल्यावर तो म्हणाला, "घे, आता तुझे कान सुटले." तिला हसूही येईना आणि रडूही येईना.

इस्पितळात बोलण्याचे व्यायाम घेणारी एक बाई होती. ही दोघं तिला आवाजाच्या बाई म्हणायची. तिने त्यांना एक यंत्र दाखवलं. पाठ्यपुस्तकाएवढं, गळ्यात अडकवायचं, वर जाड बटणं. ऑपरेशनच्या आधी माणसाने आपल्याच आवाजात वाक्यं भरून ठेवायची, नंतर बटण दाबलं की यंत्र त्याच्या आवाजात बोलणार. यंत्र इस्पितळाचं, जुनं, वापरायला दिलेलं.

"यात जागा बत्तीस एमबी आहे, काका," बाई म्हणाली.

"म्हणजे किती बोलायचं?"

बाईने समजावून सांगितलं. कॉम्प्युटरचं सगळ्यात बारीक माप बिट. आठ बिटांचा एक बाइट, एक हजार चोवीस बाइटांचा एक केबी, तितक्याच केबींचा एक एमबी, आणि तितक्याच एमबींचा एक जीबी. बायकोच्या डोक्यावरून सगळं गेलं. तो मात्र सावरून बसला. सबंध आयुष्य मापातच गेलेलं.

"बाइट म्हणजे नग," तो म्हणाला, "केबी म्हणजे पेटी, एमबी म्हणजे गाडी, आणि जीबी म्हणजे अख्खा बाजार. पण पेटीत हजार चोवीस कशाला? सरळ हजार का नाहीत?"

"कॉम्प्युटर दुपटीने मोजतो, काका. दोनाचे चार, चाराचे आठ, असं करत गेलं की हजार चोवीस येतात."

"असं होय. मला वाटलं, वरचे चोवीस सडक्या मालाचे."

बाई खळखळून हसली. मग हिशेब सांगताना तिचं हसू कमी झालं. चांगल्या प्रतीच्या आवाजाचं एक मिनिट म्हणजे साधारण दहा एमबी. यंत्रात मावणार तीन मिनिटं, वर थोडंसं. आवाज दाबून, बारीक करून भरला तर एका मिनिटाला एकच एमबी लागेल आणि अर्धा तास मिळेल. तिने त्याचंच एक वाक्य दोन्ही तऱ्हांनी ऐकवलं. दुसरं ऐकून तो दचकला.

"हा कोण? डब्यात बसून बोलतोय. नको. थोडंच बोलेन, पण माझ्या आवाजात बोलेन."

आठवडाभर ती दोघं रोज जात होती. पाणी हवं. दुखतंय. खिडकी लावा. आता बरं वाटतंय. घसा साथ देईल तेवढं तो भरत गेला. एके दिवशी त्याने हट्टाने लिलावाची आरोळी भरली. "बोला, बोला, बोला!" पासून "एकवार, दोनवार, तीनवार!" पर्यंत. फाटलेला आवाज, तरी काचेपलीकडच्या खोलीतल्या नर्सने वळून पाहिलं.

"चाळीस सेकंद," बायको बाहेर आल्यावर म्हणाली. आता तिलाही हिशेब जमू लागला होता. "जवळजवळ सात एमबी गेले. इस्पितळात काय केळी विकणार आहात?"

"असू दे गं," तो म्हणाला. शेवटच्या दिवशी त्याने तिला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. ती परत आली तेव्हा तो खुर्चीतून उठून चपला घालत होता.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला आत नेलं आणि थोड्या वेळाने आवाजाच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. बाईचा चेहरा पडलेला होता.

"काकू, माझंच चुकलं. भरलेलं सगळं मिळून बरोबर बत्तीस एमबी झालंय. पण यंत्रावर बत्तीस लिहिलंय ते बनवणाऱ्यांच्या हिशेबाने. ते हजाराने मोजतात, यंत्र हजार चोवीसने. खरी जागा साडेतीसच आहे. दीड एमबी बाहेर राहतंय. एखादं वाक्य काढावं लागेल, नाहीतर बारीक करावं लागेल."

पडद्यावर वाक्यांची रांग होती. शेवटच्या ओळीपुढे लिहिलं होतं, तिच्यासाठी.

"हे काय?"

बाईने ऐकवलं. "अगं ए... आहेस कुठे? ...ऐकलंस का? ...अगं, जरा इकडे ये गं." दहा सेकंद. मधे एकदा तो खोकला होता, आणि शेवटचा "गं" त्याने लांबवला होता, मशीनवरून ऐकू जावा म्हणून घरी लांबवायचा तसा.

तिने पडद्यावरची वाक्यं एकेक करून वाचली. पाणी काढून चालणार नव्हतं. दुखतंय हे तर परक्या नर्सलाही पहिल्या झटक्यात कळायला हवं होतं. आरोळीला हात लावायचा तिला धीर होईना. त्या आरोळीवर त्यांचं घर उभं राहिलं होतं.

"माझी हाक बारीक करा," ती म्हणाली. "मला काय, कशीही ऐकली तरी कळेल."

"काकांना विचारून बघू या का?"

"आता कुठे विचारता?"

बाईने दहा सेकंद दाबून लहान केले. सगळं नेमकं मावलं. "मूळ हाक माझ्या कॉम्प्युटरवर आहे," ती म्हणाली, "पण महिनाअखेरीला इथलं सगळं पुसतात. त्याआधी पेनड्राइव्ह घेऊन या, त्यात घालून देते."

ती हो म्हणाली. पण नंतर गळ्यातली नळी, नाकातली नळी, ताप, इस्पितळातल्या बाकावरची झोप. महिनाअखेर कधी आली आणि कधी गेली, तिला पत्ताच लागला नाही.

तो घरी आला. यंत्र गळ्यात. शेजारी भेटायला आले की तो "आता बरं वाटतंय" दाबायचा आणि माणसं थक्क व्हायची. खणखणीत, जसाच्या तसा भोंगा! मग तिला बोलवायला त्याने ते बटण पहिल्यांदा दाबलं. डब्यातला कुणीतरी बारीक आवाजात म्हणाला, "अगं ए..."

त्याने यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पुन्हा दाबलं.

तिने सगळं सांगितलं. साडेतीस, दीड, आणि आपण काय ठरवलं ते. त्याने उशाशी ठेवलेली लिहायची पाटी ओढली आणि खडूने लिहिलं, "आरोळी कापायची होतीस." मग खाली लिहिलं, "वेडी."

त्याने आरोळी एकदाही लावली नाही. हाकेचं बटण मात्र दिवसभर दाबायचा, आणि ती हाक शिलाई मशीनच्या घरघरीत विरून जायची. एकदा ती आत गेली तर तो बटणावर अंगठा दाबून बसलेला, सदरा ओला, तांब्या खाली लवंडलेला. केव्हापासून बोलवत होता कोण जाणे. त्या दिवशी तिने उरलेले गणवेश ज्याचे त्याला परत केले आणि मशीनवर झाकण घातलं. तो नको नको अशी मान हलवत होता. मग तो बोटांच्या पेरांनी पलंगाच्या लाकडावर ठोकू लागला. ते तिला स्वयंपाकघरात भांडी घासतानाही ऐकू यायचं.

पेनड्राइव्ह घेऊन ती गेली तेव्हा कॉम्प्युटर कधीचाच पुसलेला होता. सोळा जीबीचा पेनड्राइव्ह, दुकानदाराने सगळ्यात लहान म्हणून दिलेला. आवाजाच्या बाईंनी यंत्रातलं होतं तेवढं त्यात उतरवून दिलं.

"किती जागा उरली?" तिने विचारलं.

"अशी पाचशे यंत्रं मावतील, काकू."

पेनड्राइव्ह रुमालात बांधून ती घरी आली आणि त्याला औषध दिलं.

थंडी संपता संपता गाठ पुन्हा आली, आणि या वेळी डॉक्टरांनी कापायचं नावही काढलं नाही. तो गेला त्या दुपारी ती त्याच्या उशाशीच होती. बोलवायची गरजच पडली नाही.

यंत्र परत करायला ती गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या गळ्याला मफलर. बायकोने तिच्या हातातलं यंत्र ओळखलं.

"आम्हालाही तेच मिळणार आहे. बत्तीस एमबी म्हणजे भरपूर असेल ना हो?"

ती त्यांच्या शेजारी टेकली.

"बत्तीस लिहिलंय," ती म्हणाली, "पण तुम्ही तीसच धरा. आणि घरात तुम्हाला कशी हाक मारतात, ती सगळ्यात आधी भरून घ्या. बाकीचं मग बघा."

नवरा बसक्या आवाजात पुटपुटला, "हाक कशाला? ही तर समोरच असते."

"तरीपण भरा," ती म्हणाली, आणि यंत्र मांडीवर घेऊन आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघत बसली.